इंदुरातून एरोस्पेस मेडिसिनच्या एमडीपर्यंत: एमबीबीएस झालेल्यांसाठी वाटाड्या

इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या वॉर्डात आपण शिकतो ते आजारी माणसाचे शास्त्र. हवा नेहमीचीच असते, शरीर बिघडलेले असते. एरोस्पेस मेडिसिनमध्ये हे चित्र उलटे होते. समोरचा माणूस ठणठणीत असतो, पण त्याच्या भोवतालचा हवेचा दाब, अंगावर येणारे गुरुत्व, झोपेची वेळ, कानातल्या तोलाला मिळणारे संकेत, हे सगळे बदललेले असते. अशा जागी त्याचे शरीर किती वेळ आणि कसे काम करेल, हे सांगणे हा या विषयाचा गाभा आहे.

ज्यांना पहिल्या वर्षाचे फिजिऑलॉजी मनापासून आवडले होते, गणिताची भीती वाटत नाही आणि रोज शंभर रुग्णांच्या ओपीडीशिवाय करमते, त्यांनी इकडे जरूर यावे. मेडिसिन किंवा रेडिओलॉजीची जागा हुकली म्हणून हा विषय घेऊ नये. इथे रुग्ण थोडे असतात, पण एका सहीवर कुणाचे उड्डाण थांबते किंवा सुरू होते. ती सही करायला विषयाची आवड आणि तयारी दोन्ही लागतात.

अर्ज भरण्याआधी: घरच्या घरी विषय चाखून पाहा

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर. फुप्फुसात पोहोचताना हवा ओली होते आणि पाण्याची वाफ त्यातले ४७ मिलिमीटर व्यापते. उरले ७१३. त्याचे २१ टक्के म्हणजे साधारण १५०. यातून कार्बन डायऑक्साइडचा वाटा काढायचा: ४० (त्याचा फुप्फुसातला दाब) भागिले ०.८ (श्वसन गुणोत्तर), म्हणजे ५०. फुप्फुसाच्या पेशींपाशी ऑक्सिजनचा दाब उरला १००.

आता हेच इंदूरसाठी करा. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणून इथला दाब सुमारे ७१२. ४७ वजा केले की ६६५, त्याचे २१ टक्के १४०, उणे ५० म्हणजे ९०. राजवाड्यापाशी उभे राहूनही आपण समुद्रकाठच्या माणसापेक्षा दहा मिलिमीटर खाली असतो आणि ते जाणवतही नाही, कारण ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनचा आलेख या भागात जवळजवळ सपाट असतो.

प्रवासी विमानाची केबिन जास्तीत जास्त ८,००० फुटांएवढी 'उंच' ठेवतात. तिथे दाब ५६५. हिशेब केला की उत्तर ५९ येते. प्रत्यक्षात श्वास थोडा वाढतो, कार्बन डायऑक्साइड खाली येतो आणि आकडा साठीच्या थोडा वर राहतो. पण आलेखाचा उतार इथूनच सुरू होतो. निरोगी प्रवाशाला काही होत नाही. ज्याच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब इंदुरातच साठीवर होता, तो मात्र या उतारावरून घसरतो. १८,००० फुटांवर दाब निम्मा, म्हणजे ३८० होतो. हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन वीस वेळा करा. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त विद्यार्थी इथेच चुकतात: 'वर ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते' असे म्हणून बसतात. प्रमाण २१ टक्केच राहते, कमी होतो तो दाब.

फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर इंदुरात तो साधारण ९५० हेक्टोपास्कल दाखवेल. मुंबई किंवा बेंगळुरूच्या विमानात बसाल तेव्हा फ्लाइट मोडमध्ये तोच आकडा दर पाच मिनिटांनी लिहून ठेवा आणि आलेख काढा. सोबत इंदुरात सीलबंद झालेले शेवेचे पाकीट ठेवा. केबिन ८,००० फुटांपर्यंत गेली तर ७१२ भागिले ५६५ या हिशेबाने आतली हवा सव्वापट होऊ पाहते आणि पाकीट टरारून फुगते. बॉइलचा नियम यापेक्षा सोपा करून कुणी सांगू शकणार नाही. मधल्या कानात, सायनसमध्ये, आतड्यात आणि नीट न भरलेल्या दाढेखाली अडकलेली हवा हेच करते. शरीरात ती ओलसर असल्याने फुगवटा आणखी थोडा जास्त असतो.

दुसरा प्रयोग फिरत्या खुर्चीचा. खुर्चीवर बसून डोळे मिटा, डोके सरळ ठेवा आणि मित्राला एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस सेकंद फिरवायला सांगा. थोड्या वेळाने आपण थांबलो असे वाटू लागेल, कारण कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतले द्रव आता नलिकांच्याच वेगाने फिरते आणि कपुला, म्हणजे त्या द्रवाबरोबर वाकणारा मऊ पडदा, जागेवर येते. मग खुर्ची एकदम थांबवली की आपण उलट दिशेला फिरतोय अशी खात्री वाटेल. ढगात सापडलेला वैमानिक याच खात्रीवर विश्वास ठेवून विमान चुकीच्या बाजूला वळवतो. प्रयोगानंतर निदान मिनिटभर उठू नका आणि मित्राला खुर्ची धरून ठेवायला सांगा.

हे दोन-तीन खेळ करताना उत्सुकता चाळवली तर पुढे वाचा. कंटाळा आला तरी ते आत्ताच कळले, हेही चांगलेच.

दारे कोणती

भारतात या विषयाचे मुख्य घर म्हणजे बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. भारतीय हवाई दलाची ही संस्था १९५७ मध्ये सुरू झाली. गगनयानच्या अंतराळवीरांच्या वैद्यकीय निवडचाचण्या इथेच झाल्या. एमडी (एरोस्पेस मेडिसिन) हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम इथे चालतो आणि पदवी कर्नाटकच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते.

पहिले आणि सगळ्यात रुंद दार वर्दीचे. सेनादलांच्या वैद्यकीय सेवेत दाखल व्हायचे, हवाई दलात नेमणूक मिळाली की तळावर काम करायचे आणि मग सेवेतूनच एमडीला जायचे. एमडीच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांवर पहिला हक्क सेवेतल्या डॉक्टरांचा असतो. इंटर्नशिप झालेल्या डॉक्टरासाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशन हा नेहमीचा मार्ग. त्यात सुरुवातीला पाच वर्षे मिळतात आणि मुदतवाढ धरून जास्तीत जास्त चौदा. एमबीबीएसवर अर्ज करणाऱ्याची वयोमर्यादा तीस आहे, म्हणून दोन-तीन वर्षे नीटच्या 'ड्रॉप'मध्ये घालवण्याआधी वय मोजा.

इथे दोन गैरसमज हमखास होतात. एक, शॉर्ट सर्व्हिसमध्ये गेलो की एमडीची जागा आपोआप मिळेल. तसे होत नाही. किती सेवेनंतर बसता येते, कायम कमिशनची अट आहे का, हे त्या वर्षीच्या नियमांत शब्दन् शब्द वाचा. दोन, हवाई दलच मिळेल. पसंती विचारली जाते, पण वाटप दलांच्या गरजेनुसार होते. रेजिमेंटसोबत डोंगरात दोन वर्षे काढायची तयारी नसेल तर या दाराशी जाऊ नये.

दुसरे दार सिव्हिल डॉक्टरांचे. नीट पीजी द्यायची, एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) समुपदेशनात नोंदणी करताना सशस्त्र दलांच्या संस्थांचा पर्याय वेगळा निवडायचा आणि सेवेतल्यांनंतर उरणाऱ्या जागांसाठी थांबायचे. अग्रक्रमाचे गट आणि बॉन्डच्या अटी माहितीपत्रकात असतात. माहितीपत्रक दर वर्षी नवे निघते, म्हणून सीनियरकडून आलेली जुनी पीडीएफ वापरू नका.

तिसरे दार परदेशी. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा एव्हिएशन मेडिसिनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बराचसा दूरस्थ पद्धतीने करता येतो, म्हणून नोकरी करणाऱ्यांना तो जमतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्येही हा विषय शिकवतात. अमेरिकेत टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनसारख्या ठिकाणी रेसिडेन्सी आहे, पण त्यासाठी तिथल्या परवाना परीक्षा आधी द्याव्या लागतात. पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पदविका ही एमडी नव्हे. भारतात प्राध्यापकपदासाठी ती चालेल का, हे नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमांतून तपासा, कोर्सच्या जाहिरातीतून नव्हे.

आणखी एक छोटी खिडकी आहे. इंदुरात स्वतःची प्रॅक्टिस असलेल्या डॉक्टरांना विमान वैद्यकाचे अल्प प्रशिक्षण घेऊन डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) मान्यताप्राप्त वैद्यकीय परीक्षक होण्यासाठी अर्ज करता येतो. शहरात फ्लाइंग क्लब आहे, प्रशिक्षणार्थी वैमानिक आहेत, त्यामुळे काम मिळते.

परीक्षा आणि कागदपत्रे

नीट पीजीचे सध्याचे स्वरूप माहीतच असेल: २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. पेपर भागांत विभागलेला असतो आणि भागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही. एरोस्पेससाठी वेगळा अभ्यास लागत नाही.

कागदपत्रांत मात्र आपल्याकडच्या मराठी घरांना एक खास अडचण येते. आपण पूर्ण नाव लिहितो: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. आधार आणि पासपोर्टवर ते तसेच असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर मात्र बऱ्याचदा फक्त नाव-आडनाव असते आणि वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. नीटच्या अर्जात एक, पदवीवर दुसरे, कौन्सिलच्या नोंदणीत तिसरे, असे झाले की सेनादलांच्या कागदपत्र तपासणीत फाइल बाजूला पडते. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांना हा त्रास दुप्पट. उपाय साधा आहे. इंटर्नशिप चालू असतानाच सगळे कागद शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग जुळवा आणि दहावीच्या गुणपत्रिकेला प्रमाण मानून बाकीचे दुरुस्त करून घ्या. जे दुरुस्त होणार नाही त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि लागेल तिथे राजपत्रातली नोंद.

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केले असेल तर ग्रामीण सेवेचा बॉन्ड असतो. तो निकाली निघेपर्यंत मूळ कागद कॉलेजच्या कपाटात राहतात आणि समुपदेशनाच्या दिवशी हात रिकामे. निकाल लागण्याची वाट न पाहता ना-हरकत पत्राचा अर्ज आधीच देऊन ठेवा आणि पोचपावती जपा.

स्वतःची वैद्यकीय तपासणी

वर्दीच्या दाराने जाणाऱ्यांना वैद्यकीय मंडळासमोर उभे राहावे लागते. डॉक्टर मंडळी नेमकी इथेच गाफील राहतात. वजन जास्त, कानात मळ, किडलेले दात, हायड्रोसील किंवा व्हेरिकोसील, जुनी नाकाची तक्रार: यातले बरेच काही चार-सहा महिने आधी सुटण्यासारखे असते. दातांची सेनादलांत गुणांवर मोजणी होते आणि किमान १४ गुण लागतात, म्हणून रूट कॅनाल शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. शस्त्रक्रिया करायची असेल तर जखम पूर्ण भरायला वेळ ठेवूनच तारीख घ्या. इशिहाराची रंगचाचणी नेत्रविभागात एकदा प्रामाणिकपणे करून पाहा. त्यातला दोष सरावाने जात नाही.

तीन वर्षांत काय करावे लागते

पहिले वर्ष मुख्यतः फिजिऑलॉजीचे. डाल्टन, बॉइल आणि हेन्री हे वायूंचे तीन नियम पाठ असून भागत नाही, त्यातून उत्तरे काढता आली पाहिजेत. कमी दाबाच्या चेंबरमध्ये स्वतः बसावे लागते. उंचीची फेरी असेल तर आधी शंभर टक्के ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन धुऊन काढतात, नाहीतर सांध्यांत बुडबुडे धरतात. २५,००० फुटांएवढ्या दाबावर मास्क काढला की भान शाबूत राहण्याचा काळ तीन ते पाच मिनिटे, ३५,००० वर अर्धे ते एक मिनिट. या वेळात प्रशिक्षणार्थीला शंभरातून सात-सात वजा करायला किंवा नाव लिहायला देतात. अक्षर बिघडत जाते आणि लिहिणाऱ्याला मात्र आपण छान लिहितोय असेच वाटते. हायपॉक्सिया, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडणे, घातक का, ते त्या कागदाकडे पाहून कळते: तो सगळ्यात आधी स्वतःची चूक ओळखण्याची शक्तीच काढून घेतो. प्रत्येकाची सुरुवातीची लक्षणे वेगळी असतात. कुणाला बोटांत मुंग्या, कुणाला गरम वाटणे, कुणाला उगाच आनंद. आपली कोणती, ते वहीत लिहून ठेवा.

कानाचा त्रास वर जाताना होत नाही, खाली येताना होतो. मधला कान घशाशी जोडणारी युस्टेशियन नळी आतून बाहेर सहज उघडते, बाहेरून आत मात्र स्नायू लावून उघडावी लागते. दाबाचा फरक ऐंशी-नव्वद मिलिमीटरच्या पुढे गेला की ती कुलूपबंद होते आणि मग कितीही जोर लावा, उघडत नाही. म्हणून उतरायला लागल्याबरोबर, दुखायच्या आधीच, गिळणे किंवा नाक दाबून हलकी फुंकर मारणे सुरू करायचे. सर्दी असेल त्या दिवशी चेंबरला नाही म्हणायचे. कोणी हसले तरी.

माणसाला वेगाने फिरवून गुरुत्वाचा भार वाढवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमागचे गणितही करून ठेवा. बसलेल्या माणसात हृदय ते डोळा हे अंतर साधारण ३० सेंटिमीटर. रक्ताच्या या स्तंभाचे वजन १ जीला (जी म्हणजे नेहमीच्या गुरुत्वाच्या किती पट) सुमारे २२ मिलिमीटर. हृदयापाशी सरासरी दाब १०० धरला तर ४ जीला डोळ्यापाशी उरतात १२. डोळ्याच्या आतला दाबच त्याहून जास्त असतो, म्हणून आधी नजर करडी होते, मग काळोख आणि त्यानंतर शुद्ध जाते. पाय आणि पोट दाबून धरणाऱ्या जी-सूटने सहनशक्ती एक-दीड जीने वाढते. बाकीचे वैमानिकाला स्वतः मिळवावे लागते: मांड्या, पोटऱ्या, पोट घट्ट आवळायचे आणि दर तीन सेकंदांनी झटकन श्वास बदलायचा. नवशिका श्वास फार वेळ कोंडून धरतो, हृदयाकडे परतणारे रक्त थांबते आणि ज्या युक्तीने वाचायचे त्याच युक्तीने बेशुद्ध होतो.

प्रबंधाचा विषय पहिल्या काही महिन्यांतच ठरवा. चेंबर किंवा सेंट्रिफ्यूजवर अवलंबून असलेला विषय आकर्षक असतो, पण यंत्र दुरुस्तीला गेले की तुमचे वर्ष अडते. यंत्राशिवायही पुरे होईल असा एक भाग प्रबंधात ठेवा: झोप, थकवा, श्रवण, दृष्टी. एथिक्स समितीची परवानगी येण्याआधी एकही नमुना गोळा करू नका.

वैमानिकाची तपासणी

मानके डीजीसीएची, त्यांचा पाया आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात. व्यावसायिक वैमानिकाच्या प्रथम श्रेणीसाठी त्यातले काही आकडे असे: प्रत्येक डोळ्याची दृष्टी, चष्म्यासह चालेल, ६/९ किंवा बरी आणि दोन्ही मिळून ६/६. श्रवणात ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३,००० हर्ट्झला ५० पेक्षा जास्त घट नको. ऑडिओमेट्रीच्या आदल्या दिवशी इंजिनाच्या आवाजात काम केलेल्या माणसाचा निकाल हमखास वाईट येतो. आधी शांत रात्र काढायला लावा, कान तपासा, मळ काढा, मग यंत्र लावा.

आकडे पाळणे सोपे आहे. कठीण आहे ते आकड्यांच्या पलीकडचे ठरवणे, आणि एमडीचा खरा कस तिथे लागतो. दोन वैमानिक असलेल्या विमानासाठी जुना मापदंड एक टक्क्याचा आहे: त्या माणसाला वर्षभरात अचानक अक्षम होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी हवी. वर्षात साधारण दहा हजार तास, म्हणजे तासाला दहा लाखांत एक. पंचेचाळिशीच्या वैमानिकाला स्टेंट बसला, पहिलाच फेफऱ्याचा झटका आला, मुतखडा सापडला, की हाच प्रश्न विचारायचा. मुतखड्याने कुणी मरत नाही, पण उतरण्याच्या वेळी कळ आली तर?

वैमानिक लपवतात, कारण परवाना म्हणजे त्यांचे पोट. 'काही त्रास?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येते. 'गेल्या महिन्यात कोणते औषध घेतले, झोपायला काय घेता, शेवटची सर्दी कधी' असे विचारा. सर्दीच्या साध्या गोळीतले जुने अँटिहिस्टामिन झोप आणते, आणि ती गोळी औषध आहे असे कुणी मोजतच नाही.

रुग्णाला विमानातून नेताना

मध्य प्रदेशात २०२४ पासून पीएम श्री एअर अॅम्ब्युलन्स सेवा सुरू आहे, त्यामुळे हा भाग आता इंदूरच्या प्रत्येक आयसीयूच्या कामाचा झाला आहे.

ऑक्सिजनचा हिशेब निघण्याआधी करायचा. इंदुरात रुग्ण ४० टक्क्यांवर स्थिर आहे. केबिन ८,००० फुटांवर गेली तर तोच परिणाम मिळवायला ०.४ गुणिले ६६५ भागिले ५१८ (वाफेचे ४७ वजा करून उरलेले दोन्हीकडचे दाब), म्हणजे ५१ टक्के लागतील. ६० टक्क्यांवरचा रुग्ण ७७ वर जाईल. उत्तर शंभरच्या जवळ आले तर वैमानिकाशी बोलून केबिन खाली ठेवता येते का ते विचारा. त्यात इंधन जास्त जाते, म्हणून हे आधी ठरते, वर गेल्यावर नाही. १० लिटरचा सिलिंडर १५० बार दाबाला भरलेला असेल तर त्यात १,५०० लिटर वायू असतो: मिनिटाला १० लिटर दिले तर अडीच तास. प्रवासाच्या वेळेत दोन्हीकडची अॅम्ब्युलन्स आणि धावपट्टीवरची ताटकळ धरा, आणि आलेल्या उत्तराची दुप्पट सोबत घ्या.

न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणे) असेल तर छातीत नळी घातल्याशिवाय उडायचे नाही. श्वासनळीतल्या ट्यूबचा कफ (तिच्याभोवतीचा हवेचा फुगा) वर गेल्यावर फुगतो आणि श्वासनळीचे अस्तर चिरडतो. मॅनोमीटरने दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये ठेवा, चढताना हवा काढा. उतरताना पुन्हा भरायला विसरतात आणि मग व्हेंटिलेटर गळतीचा गजर देतो. ताजे, बंद प्लास्टर लांबीत कापून घ्या. रेटिनाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू सोडलेला रुग्ण, तो वायू शोषला जाईपर्यंत, विमानात बसवायचाच नाही. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेले नसते, म्हणून 'डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे का' हा प्रश्न यादीत कायमचा ठेवा आणि उत्तर हो आले तर ज्याने ऑपरेशन केले त्या सर्जनला स्वतः फोन लावा.